खिडकीजवळचं टेबल

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायला डोळे मिटून बसावं लागतं. तरी आज तुलाच लिहायला बसलो, कारण जे घडलं ते तुझ्याकडून शिकलेल्या एका गोष्टीमुळे घडलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, यात तुमचा काय दोष. तू तसं म्हणणार नाहीस. तू आधी विचारशील, ती पोरगी आता कुठं हाय.

माझी नोकरी कसली ते तुला शेवटपर्यंत नीट उमगलं नव्हतं. पहिल्यांदा सांगायला आलो तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे माणसं लावायची का काढायची?" मी म्हणालो, दोन्ही. तू परातीतलं पीठ मळत राहिलीस. जरा वेळानं म्हणालीस, "हात धुऊन ये, जेव." तेवढंच. अजून तेच काम करतो. बिबवेवाडीहून कंपनीच्या बसनं लोणी काळभोरच्या पुढं जातो. तिथं विजेच्या उपकरणांचे भाग जोडतात. बहुतेक बायकाच आहेत. टेबलाशी बसून बारीक तारांना कथलाचा डाग देऊन जोडतात आणि त्याचा पातळ, कडवट धूर दिवसभर नाकाशी असतो. नवीन बाई आली की तिला काही महिने कच्चं ठेवतात आणि मग एकतर कायम करतात, नाहीतर थांबवतात. दोन्ही वेळेला तिच्याशी बोलायचं मी.

आमचे साहेब माझ्याहून बरेच लहान आहेत. हुशार आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. काही मुलींना कायम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "यांच्यात कोणाला दिवस गेलेत का, एवढं बघून ठेवा. आत्ताच कळलेलं बरं. नंतर रजा द्यावी लागते आणि काढताही येत नाही." मी म्हणालो, "साहेब, असं विचारता येत नाही." ते हसले. "अहो, विचारता येत नाही म्हणून तर बघा म्हणतोय. तुमच्या कपाळाला गंध असतं, बायका तुम्हाला काका म्हणतात. आम्हाला कोणी मामासुद्धा म्हणत नाही."

आई, मला ते आधीच माहीत होतं. त्यांच्यातच वाशीमकडून आलेली एक मुलगी आहे, नवऱ्याबरोबर इकडे आलेली, कामात नीटनेटकी. आदल्याच आठवड्यात पाण्याच्या नळापाशी ती मला म्हणाली होती, "काका, त्या धुरानं लई मळमळते जी. घरी सासूलेही नाही सांगतलं अजून. तीन महिने होऊ द्या म्हटलं, मग सांगू." मला का सांगितलं, तर सांगायला इथं तिचं दुसरं कोणी नाही म्हणून. मी साहेबांना म्हणालो, "माझ्या तरी कोणी लक्षात आलं नाही." खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीपुढे उभा राहिलो तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तुझ्या हाताखाली वाढलेल्याला वाटणारही नव्हतं.

कारण तू जिथं स्वयंपाकाला होतीस ते आपल्या गावच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मला आठवत होतं. शाळा सुटली की मी तिथेच येऊन बसायचो. तीन चुली पेटलेल्या आहेत, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तू एकीला हाताला धरून उठवतेस आणि दाराशी वाऱ्याला भाजी निवडायला बसवतेस. रेक्टर सर डोकावतात. "ही इथं का?" तू मान वर न करता सांगतेस, "तिचं डोळं आल्यात. चुलीपाशी नको." सर जातात. कारण दिवस गेल्याचं त्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई आली असती. तिथल्या सगळ्या बायकांना खरं ठाऊक असायचं आणि एकीच्याही तोंडून ते बाहेर पडायचं नाही. तिसरा महिना सरून मळमळ थांबेपर्यंत डोळे आलेलेच असायचे. तोवर तिची कामं बाकीच्या वाटून घ्यायच्या आणि भाकऱ्या तेवढ्याच व्हायच्या.

मी तेच केलं. सुपरवायझरला सांगितलं, "हिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवा. डोळ्यांना धूर सोसत नाही." खिडकीजवळ तपासणीचं काम असतं आणि धूर नसतो. ती तिथं बसायला लागली. दुपारी डबा खाताना दिसायची. मला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं मी कोणाला दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. समोर काही कागद नव्हता, नुसता चहा होता. म्हणाले, "अहो, डोळ्यांचा त्रास आपल्याकडे फक्त बायकांनाच होतो का? गेल्या वर्षी त्या दुसरीचेही डोळेच होते. खिडकीजवळच बसवली होतीत. तिच्या डोळ्यांचं बारसं झालं म्हणे." गेल्या वर्षी ते निभून गेलं होतं, कारण ती बाई आधीच कायम होती. साहेब मला समजावल्यासारखं म्हणाले, "तुम्ही काही सांगितलं नाहीत, मीच ओळखलं. निवांत राहा." मी म्हणालो, "साहेब, हे कायद्यात बसत नाही. तिचं काम चांगलं आहे." "होतं. आता वेग पडलाय. नवीन टेबलावर तिला जमत नाहीये." मी म्हणालो, "टेबल बदललं म्हणून पडला." त्यांनी कप खाली ठेवला. "टेबल कोणी बदललं?"

मी वरच्या साहेबांकडेही गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आमच्या साहेबांशी बोलतो म्हणाले. बोललेही असतील. तिला थांबवायचा निर्णय तोच राहिला, आणि निरोप मीच द्यायचा हेही तेच राहिलं. "तुमच्यापुढं कोणी आरडाओरडा करत नाही," साहेब म्हणाले.

ती समोर बसली आहे. मी कामाचा वेग, कंपनीची गरज असं बोलतो आहे, आणि ती माझ्या तोंडाकडे बघते आहे. माझं संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "काका, तुम्ही कोणाले सांगतलं का?" मी म्हणालो, "नाही." आई, ते खरं होतं आणि त्याचा तिला काहीही उपयोग नव्हता. मग मी आवाज खाली आणून, जे माझ्या खुर्चीत बसणाऱ्यानं बोलू नये ते बोललो. सरकारी कामगार कार्यालयात जा, तक्रार कर, मी तुझ्या बाजूनं सांगेन. ती म्हणाली, "आन् मंग दुसरीकडं कोण ठेवन मले? तसंही पोट दिसाले लागल्यावर कोण ठेवते." ओढणीनं नाक पुसलं आणि उठली. जाताना दारातून वळून म्हणाली, "त्या खिडकीपाशी बरं वाटत होतं जी." ती माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती आता कुठे आहे ते मला माहीत नाही. फोन केला होता, लागत नाही. तिचा नवरा खडकवासल्याच्या बाजूला बांधकामावर आहे एवढंच माहीत आहे. तू नक्की विचारशील, तुझ्या चुलींपाशी जे झाकून राहायचं ते इथं का राहिलं नाही. तुझ्याकडे दहा जणी मिळून झाकत होत्या. इथं मी एकटा झाकत होतो, आणि त्यामुळे झाकणंच लांबून दिसलं. सकाळी देवापुढे अजून उभा राहतो. हात जोडतो. मागायचं काय ते सुचत नाही, म्हणून तसाच उभा राहून निघतो.

हे तुला पोचणार नाही, आणि तू असतीस तरी मी तुला हे वाचून दाखवलं नसतं, कारण मग कालचंही सांगावं लागलं असतं. काल कँटीनमध्ये फोडणीचा वास आला आणि नव्यानं लागलेल्या एका मुलीनं ताट दूर सारलं. तोंडाला रुमाल लावून ती इकडेतिकडे बघत होती. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि ती उठली. ती माझ्याकडेच येत होती असं मला वाटलं. मी अर्धं जेवण टाकून, दुसऱ्या दारानं बाहेर पडलो.