चित्रपटासाठी पुरेसा उजेड

२७ डिसेंबर १९५५
संकल्प: भुईगावच्या कलाघरावर एक चित्रपट काढणे. लहान, पण चिरंतन. आजवर वार्ताहर म्हणून साप्ताहिकाला वसईच्या बातम्या पाठवत आलो. केळी, सभा, सत्कार. चार दिवसांनी त्याच बातमीत भजी बांधून मिळतात. चित्रपटात भजी बांधता येत नाहीत.
बोटीवर नोकरीला असलेला ॲन्सेल्म रजेवर आला आहे. त्याने चावीचा कॅमेरा वापरायला दिला. चावी भरावी, बटण दाबावे, उतरली की पुन्हा भरावी. आवाज येत नाही. बरेच आहे. मौनं सर्वार्थसाधनम्.

२ जानेवारी १९५६
कलाघर म्हणजे सेलिनबाईंचा ओटा आणि मागची केळीची वाडी. शाळांनी न घेतलेली, आता अंगाने मोठी झालेली मुले तिथे चित्रे काढतात, माती थापतात, मडक्याला कातडे ताणलेले घुमट वाजवतात. लोक त्यांना वेडी म्हणतात. सेलिनबाई त्यांना कलाकार म्हणतात, आणि लोकांना काहीच म्हणत नाहीत.
आमची थोरली जयवंतीही तिथे जाते. वय बावीस, समज पाच-सहा वर्षांची. केळीचा बुंधा आडवा कापून त्याचे ठसे कापडावर उमटवते. निळ्याखेरीज रंग घेत नाही. आज आपण होऊन म्हणाली, मी पण सिनेमात. सौ. म्हणाली, अगं, विचारायचं काय त्यात, बापच काढतोय.

६ जानेवारी
धाकट्या सरलेचे आगाशीच्या स्थळाशी बोलणे चालू आहे. मुलाच्या मामांनी विचारले, अपत्ये किती? मी म्हणालो, सरला ही आमची कन्या. न्यायशास्त्राप्रमाणे यात असत्य काही नाही. ते गेल्यावर सौ.ने विचारले, न्यायशास्त्र शिकायला किती वर्षं लागली हो तुम्हांला?
चित्रपट गावोगाव दाखवणार. आगाशीलाही. ध्यानात ठेवणे.

९ जानेवारी
चित्रणास प्रारंभ. थॉमसने घुमट उत्तम वाजवले. ऐकू येणार नाही याचे त्याला दुःख नाही. प्लासिडने बैल रंगवला. जयवंती सारखी कॅमेऱ्यापुढे.
निर्णय: दिग्दर्शकाने स्वतःच्या मुलीला घेणे म्हणजे वशिला. शिवाय ती होती त्या बाजूला उजेड कमी. तिला तसे सांगितले. विहिरीपाशी बस, हलू नकोस, तुझ्यावर उजेड आला की बोलावतो. बसली.
सेलिनबाई म्हणाल्या, एकनाथराव, सगळ्या वाडीवर पडलेला उजेड विहिरीलाच कसा चुकला? मी म्हणालो, बाई, हे एक शास्त्र आहे. त्या म्हणाल्या, असेल. जयवंती दुपारपर्यंत हलली नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. जयवंतीने कॅमेऱ्याला तिळगूळ भरवला. भिंग पुसण्यात सकाळ गेली. रागावणार होतो. ती म्हणाली, गोड बोल म्हटलं त्याला, म्हणजे मला बोलावेल.
उद्यापासून कडक शिस्त.

१९ जानेवारी
आज हजेरी टिपली. ही कलाघराची रोजची रीत. सेलिनबाई नाव घेतात. ज्याचे नाव तो उठतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, मी. बाकीचे सगळे म्हणतात, हो. उपनिषदांना याहून फार काही वेगळे म्हणायचे होते असे नाही.
थॉमस झाला. प्लासिड झाला. रोझमेरी झाली. जयवंतीचे नाव आले आणि नेमकी चावी उतरली. भरायला क्षणभर लागतो. तो क्षण मी विचार करण्यात घालवला. सगळ्यांनी हो म्हटले तरी ती छातीवर हात धरून माझ्याकडे बघत उभी होती.
घरी सौ.ने विचारले, चावी भरता येत नव्हती? मी म्हणालो, कलेत विरामालाही अर्थ असतो. तिने पान वाढले. आमटीत मीठ नव्हते. विराम असावा.

३ फेब्रुवारी
मुंबईहून फिल्म धुऊन आली. अप्रतिम. ॲन्सेल्मची रजा संपली. कॅमेरा घेऊन तो बोटीवर गेला.
संकल्प: पुढच्या रजेत दुसरा भाग. तो संपूर्ण जयवंतीवर. सरलेचे एकदा पार पडू दे.

११ फेब्रुवारी
ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागण्याआधी दाखवा असा सेलिनबाईंचा आग्रह होता, म्हणून आज शाळेच्या पटांगणात चादर बांधली. इंजिन आणि प्रोजेक्टर भाड्याने. सारे भुईगाव लोटले. आगाशीचे मामाही आले. कलाकार पुढे चटईवर.
चादरीवर थॉमस दिसला, तसा चटईवरचा थॉमस उठला. छातीवर हात. मी. चटई म्हणाली, हो. मग प्लासिड. मग रोझमेरी. पुढे पुढे सगळे गावच हो म्हणू लागले. हे मी योजले नव्हते.
जयवंतीने पहिल्यापासूनच हात छातीवर ठेवला होता. वेळ नको जायला म्हणून. चित्र संपले, चादर नुसती पांढरी झाली, लोक उठले, तरी हात तिथेच.
मामा जवळ आले. म्हणाले, फार छान काढलंत. तुमची थोरली कोणती त्यातली? आम्ही गावात चौकशी केली तेव्हाच कळलं होतं. सेलिनबाईंनी तिचं निळं कापडही दाखवलं. ताई, म्हणजे मुलाची आई, म्हणाली, सिनेमात असेल, बघून ये. पण मला काही ओळखता आली नाही.
मी योग्य वाक्य शोधत होतो. जयवंती मागेच उभी होती. तीच पुढे झाली आणि मामांना नीट समजावून म्हणाली, माझ्यावर उजेड नव्हता. बाबांनी सांगितलंय.
मामा माझ्याकडे बघत राहिले. मग स्थळाचा विषय न काढताच निघून गेले.

१२ फेब्रुवारी
सकाळी जयवंती कलाघरात गेली नाही. निळे पातळ नेसून मागच्या अंगणात पाट टाकून बसली. मला हाक मारून विचारले, बाबा, आता आला का उजेड?
मी म्हणालो, आला.
तिने छातीवर हात ठेवला. अगदी हलत नाही. मीच शिकवले आहे. मी समोर पायरीवर बसलो आहे. कॅमेरा समुद्रावर कुठेतरी असेल.
ऊन सरकते तसा ती पाट सरकवते आहे.