धुरकट पट्टा

१० मार्च
पुण्याच्या औषध कंपनीचे रविराज दोन माणसं घेऊन माझ्या लॅबवर आले. त्यांचं नवं औषध पेशीतल्या बिघडलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवतं का, ते आम्ही दाखवायचं. प्रयोग करणाऱ्या स्नेहाने प्रोटीन उमटलेली, एक्स-रेसारखी फिल्म पुढे केली — मला वाटलं एक रेषा असेल, तर चुलीमागच्या भिंतीसारखा काळा पट्टा, वर चढत गेलेला. मी म्हटलं, "मॅडम, फिल्म काढलीत की पोतेरं फिरवलंत?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. स्नेहा सोडून.

बाटल्या धूत वर आलेला माणूस मी. डाग दिसला की हात शिवशिवतात. तेच काम लॅबमधल्या कुंदनला दिलं — स्वच्छ करून आण.

१३ मार्च
कुंदनची फिल्म आली. एकच रेषा, लख्ख! लगेच पुण्याला धाडली.

१४ मार्च
काचा धुण्याच्या खोलीत स्नेहा तिथल्या धुणाऱ्या यशोदाबाईंशी बोलत होती. पार्टिशनपलीकडचं मला ऐकू येतं. याच कानांवर धंदा उभा केलाय.

"जे प्रोटीन मोडीत काढायचं, त्याला पेशी युबिक्विटिनची खूण चिकटवते, मावशी. कुणाला दोन, कुणाला दहा. जितक्या खुणा तितकं ते जड, म्हणून पट्टा वर पसरतो. तो डाग नाही, तेच उत्तर आहे."

"मग कुंदनचा डाग गेला कुठं?"

"खुणा टिकवायचं रसायनच घातलं नाही त्यानं. गळून गेल्या. म्हणे, साहेबांना स्वच्छ हवंय."

"सांग की मग साहेबाला."

"पोतेरं म्हणाले, सगळ्यांसमोर. मी सोडतेय नोकरी."

कान तापले. आत न जाता केबिनचं दार लावून घेतलं.

१५ मार्च
पिंपळगावहून द्राक्षं आणली, सगळ्यांना वाटली. स्नेहाला दोन घड जास्त. "थँक यू, सर." बस्स. माफी मागायची, तर द्राक्षं वाटत सुटलो!

१६ मार्च
आजही माफी मागणं जमलं नाही. घरी जेवण गेलं नाही.

१७ मार्च
सगळ्यांना बोलावलं. रविराजना फोन लावला, स्पीकरवर — कुंदनची फिल्म खोटी, चूक माझ्या हुकमाची, स्नेहा मॅडमचा पट्टा खरा.

"ती स्वच्छ फिल्म आम्ही हिशेबात धरलीच नव्हती, साहेब. पट्टा बघूनच कळलं, औषध चाललं. त्या दिवशी आम्ही हसलो ते तुम्हाला हो."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग स्नेहा हसली. फोन बंद करायला हात गेला होता — मागे घेतला.