विहिरीच्या कठड्यावरचा राळा

राधानगरी, २३ जून

तीर्थरूप जयपाल काकांना,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या विहिरीवरच्या बाभळीत सुगरणींनी लवकर विणलेल्या सगळ्या घरट्यांतली पिल्लं जिवंत आहेत. माझा सहकारी खिजर काल कबनूरहून आला, त्यानं हे सांगितलं. काठीला कॅमेरा बांधून त्यानं प्रत्येक घरटं पाहिलं होतं, तरी मी त्याला दोनदा विचारलं.

इकडे धरणाखालच्या ओढ्यावर तशी घरटी रिकामी पडली आहेत. मेमधल्या पावसाला फसून ज्या सुगरणींनी घाई केली, त्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आली आणि पाऊस गायब झाला. गवताला बी नाही, कुठे अळी नाही. पिल्लं उपाशी मेली. गेली तीन वर्षं हेच चाललं आहे. ज्या जोड्या थांबतात त्यांची पिल्लं जगतात, आम्ही पायात घातलेली रंगीत कडी घेऊन परततात आणि आईबापांसारखीच उशिरा घरटी करतात. घाईवाल्या दरसाल कमी होत आहेत. बदलतं हवामान असं पाखरं निवडतं, यावर माझा प्रबंध उभा आहे.

मग तुमच्याकडची पिल्लं कशी जगली? कशातच लक्ष लागत नाही. जुलैअखेर विद्यापीठात सगळं मांडायचं आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि इथे रेंज नाही, म्हणून खिजरच्या मोटरसायकलवरून हे पत्र. विहिरीवर काही वेगळं दिसलं का, लगेच कळवा. काकूंना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची,
स्नेहल


कबनूर, २५ जून

चि. स्नेहलला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. जगणार नाहीत तर काय? झाडाला हात लावायचा नाही, घरट्याखाली उभं राहायचं नाही, असं तू बजावलं होतंस. मी दोन्ही पाळलं. राळ्याचे दाणे भिजवून विहिरीच्या कठड्यावर ठेवतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आत. कठडा काही झाडात मोडत नाही. दारच्या पाखराला दाणा घातल्याशिवाय आपल्या घरात कुणी ताटावर बसत नाही, तुझे आजोबाही बसत नव्हते. पहिल्यांदा चार-दोन यायची, आता माझी वाट बघतात.

तू वाळली आहेस असं खिजर म्हणतो. काकू त्याच्याजवळ चिवडा देते आहे. अर्धाच पोचला तर भांडण त्याच्याशी, आमच्याशी नाही. लोभ धर.

तुझा,
जयपाल काका


राधानगरी, २७ जून

तीर्थरूप काकांना,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण राळा आजपासून बंद करा. मला वाटलं होतं, या सुगरणी कोरड्या दिवसांत तगायला शिकल्या. त्या तुमच्या राळ्यावर तगल्या. तिथे निवड हवामानानं केली नाही, तुम्ही केली. माझ्याकडे दोनच जागा आहेत. एक गेली तर प्रबंध वर्षभर पुढे जाईल, असं माझे सर म्हणतात. आता थांबवलंत तर निदान उरलेला हंगाम हाती राहील.

आणखी एक. ही पिल्लं जगली तर पुढच्या मेमध्ये तीही घाई करतील. मग पुन्हा अशी उघडीप, आणि उपाशी तोंडं याहून जास्त. आपण ती वाढवतो आहोत. अजून आठवडाभर पाऊस नाही म्हणतात. मी काय मागते आहे, ते मला कळतं. तरी मागते. राग धरू नका.

स्नेहल


कबनूर, ३ जुलै

चि. स्नेहलला, त्रिशला काकूचा आशीर्वाद.

हे तुझ्या काकांना न सांगता लिहिते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी राळा बंद झाला. मग ते बस्तीत देवदर्शनाला गेले आणि तिथं मुक्कामाला आलेल्या मुनिमहाराजांसमोर नियम घेऊन आले. विहिरीवरची पाखरं उपाशी हायत तवर आपण बी एकदाच जेवायचं. शुगरची गोळी घेतात आणि दिवसभर विहिरीवर बसतात. परवा तिथंच चक्कर आली. खिजर होता म्हणून बरं, न्हायतर विहिरीतच गेले असते की.

मी घरी चला म्हटलं. तर म्हणाले, "पिल्लू पडलं की हात आपसूक पुढं जातो. तो धरून बसलोय."

दोन वेळचं जेवण पायजेच म्हणून डॉक्टर ओरडलेत. महाराजांसमोर घेतलेला नियम मोडा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? तू शिकलीस, आम्हाला बरंच वाटतं. आता तूच बघ.

काकू


राधानगरी, ४ जुलै

तीर्थरूप काकांना, नमस्कार.

राळा भिजत घाला, आजच. खिजर गाडी चालू करून उभा आहे. तुम्ही दोन्ही वेळ जेवलात की नाही, ते तो बघून येणार आहे.

तुमची विहीर मी प्रबंधातून काढली. सरांना कळवलं. ते बोलले, मी ऐकून घेतलं. वाईट वाटतं आहे, ते लपवत नाही. आणि माझं म्हणणंही मी मागे घेतलेलं नाही. तुम्ही शहात्तरचे आहात काका. ही पाखरं तुमच्या कठड्याच्या भरवशावर वाढणार. तुमच्यानंतर त्यांना कोण घालणार?

स्नेहल


कबनूर, ८ जुलै

चि. स्नेहलला, अनेक आशीर्वाद.

दोन्ही वेळ जेवतो आहे. खिजर समोर बसून बघतो आणि स्वतःही जेवतो. राळा बंद होता त्या मधल्या दिवसांत मात्र चार घरट्यांतली पिल्लं गेली. तुला सांगितलं पाहिजे म्हणून लिहिलं.

तुझ्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. तू म्हणतेस ते खरं आहे, मी उपाशी तोंडं वाढवतो आहे. हे कळूनसुद्धा आज सकाळी राळा घातला. उद्याही घालेन.

थांबलेल्या सुगरणींनी काल विणायला घेतलं. तुझ्या बाजूनं ढग येत आहेत, दोन दिवसांत पाऊस धरेल. वाचलेली पिल्लं तोवर उडतील आणि मेमध्ये पहिल्या सरीला परत येतील. त्यांच्यासाठी पोतंभर राळा कोठीत कोरडा ठेवला आहे. मी असलो तर मीच घालेन. नसलो तर कोठीची किल्ली दारामागच्या खुंटीला आहे. तेव्हा घालायचं की नाही, ते तू ठरव. मी काही मागत नाही.

तुझा,
जयपाल काका