परत पाठवलेला मुराळी

तांबट आळी, नाशिक
आषाढ वद्य नवमी, शके १८५६

प्रिय मालन,

तुला एक आजी होती, आठवतं का? तोंडात दात नाहीत आणि तरी जिचं बोलणं थांबत नाही, ती. अजून जिवंत आहे. बाळंतपण आटोपून मालेगावला परत गेल्यापासून तुझी पाच कार्डं आली, पाचही तुझ्या आईच्या नावाची. तिला वरपासून खालपर्यंत मजकूर, आणि तळाला जागा उरली म्हणून ‘आजींना नमस्कार’. तेवढी एक ओळ ती मला दोनदा वाचून दाखवते, जसं काही त्यातून दोन नमस्कार निघणार आहेत.

हे पत्र मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या हातचं. त्यांना बजावलंय, मी बोलते तसंच लिहा, सुधारायला जाऊ नका. तुझ्या आईकडूनही लिहून घेतलं असतं, पण ती धुणं घेऊन नदीवर गेली आहे तेवढ्यातच हे उरकायचंय. तिला यातलं काही कळता कामा नये.

तुझी आई, गोजरा, तुझं कार्ड वाचत बसली की माझ्या पोटात अजून दुखतं, खोटं कशाला बोलू. तू पाटीवर गिरवायचीस, ती तुझ्यासमोर बसून तांदूळ निवडायची, आणि समोरून दिसतील तशी उलटी अक्षरं तिनं उचलली. अजूनही कार्ड आलं की आधी फिरवून घेते, डोकं खाली पाय वर, आणि मग भराभर वाचते. मीही तिथंच बसलेली असायचे गं. मला ना सुलटं आलं ना उलटं.

तुझ्या शाळेला मी आडवी आले होते, ते विसरली असलीस तर बरंच. मी म्हटलं होतं, सकाळची तांब्याची भांडी चिंचेनं घासून झाल्याशिवाय पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. तुझी आई बरं म्हणाली. मग तू उठायच्या आत सगळी भांडी स्वतः घासून एक तांब्या तेवढा मागे ठेवायला लागली. मी मागच्या दारी आले की तू आपली तोच तांब्या घासताना दिसायचीस. मला काय कळत नव्हतं? चार वर्षं रोज एकच तांब्या? चिंचेनं तिच्या बोटांच्या भेगा मिटायच्या नाहीत. जेवताना त्यांत मीठ गेलं की डाव्या हातानं पदर आवळून धरायची आणि घास गिळायची. मी बघायचे आणि मनात म्हणायचे, माझ्यासाठी असं कधी कुणी केलं नाही.

पण तेव्हा घर कसं भरलेलं होतं. पुढे दुकानात तुझ्या बापाचा हातोडा चालायचा, आत आम्ही दोघी एका जात्याला, खुंट्यावर तिचा हात वर, माझा खाली. ओव्या ती म्हणायची. आवाज माझा बरा होता, पण मला कोण म्हण म्हणतंय. तू पिठानं माखून यायचीस ती थेट तिच्याच मांडीत. माझी मांडी काय निवडुंगाची होती? आता पीठ गिरणीतून येतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून पोस्टमनची वाट बघतो, आणि तो आला की ती एकटीच उठते.

गेल्या सोमवारी ती घाटावर चक्कर येऊन बसली. मला सांगितलं नाही, शेजारच्या नवसाबाईकडून कळलं. वैद्य म्हणाले, महिनाभर काम नको. ती म्हणाली बरं, आणि उठून माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला गेली. मी ओरडले तर म्हणते, आत्याबाई, दुसऱ्या कुणी पाणी काढलं की तुम्ही दिवसभर कुरकुरता. कुरकुरते, खरं आहे. या घरात मी आहे तोवर तिची पाठ जमिनीला टेकायची नाही.

एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. तू वर्षाची होतीस. नागपंचमीला ओझरहून तिचा भाऊ पुंजा मुराळी होऊन आला, बहिणीला माहेरी न्यायला. बैलांच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा होत्या. ती आत लुगडं बदलून, तुला टोपडं बांधून तयार. मी म्हटलं, घरात करायला माणूस नाही, पुढल्या वर्षी बघू. माणसं घरात सात होती. खरं असं, की माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली आणि माझ्या दाराशी कधीच कुणी मुराळी आला नाही. दर पंचमीला दुसऱ्यांच्या गाड्यांची घुंगरं ऐकत मी भाकऱ्या थापल्या. हिला जाताना मला बघवलं नाही. पुंजा रिकामी गाडी घेऊन परतला. भाद्रपदात तिची आई गेली, आणि पुढे तापाच्या साथीत पुंजाही. त्या पंचमीला संध्याकाळी गोजरानं माझं ताट नेहमीसारखं वाढलं. एक शब्द बोलली असती तर मी कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. तेवढंही तिनं मला दिलं नाही.

म्हणून हे पत्र. पंचमीच्या आत जावईबापूंना मुराळी करून पाठव. सासूला न्यायला जावई आला म्हणून आळी हसेल, हसू दे. तुझ्या मांडीवर आता मुलगा आहे, तेव्हा लेकीच्या घरचं अन्न घ्यायला तिला आडकाठी नाही. ती माझं नाव पुढे करून नाही म्हणेल, तेव्हा मीच तिला हाताला धरून गाडीत बसवीन. महिनाभर तिला चुलीकडे फिरकू देऊ नकोस. ती तिकडे निजेल, हसेल, माझ्या पणतवाला खेळवील, आणि मी इथं जळत बसेन. मला त्याची सवय आहे. नवसाबाई दोन वेळा भाकरी देईल, बहुतेक कच्ची. आणि मुराळी रिकाम्या हातानं येत नसतो, हे जावईबापूंना सांग. तुमच्याकडचे खापरावरचे मांडे पाठव, पुरण भरपूर, वर तुपाचा हात. दोन-चार नको, चांगले दुरडीभर पाठव. ती आधी मलाच वाढणार, आणि तिच्यासाठी उरले पाहिजेत.

तुझीच,
तुझ्या आईला देऊन जेवढी उरते तेवढी,
आजी