अमृतसरची गाडी आणि सौंदडची मंडई

१८ ऑक्टोबर

तिकिटं काढली. गोंदिया ते अमृतसर, पुढे हिमाचल, जमेल तसं. मी ग्रुप लीडर. कोणी नेमलेलं नाही, पण तिकिटं ज्याच्या मोबाईलवर, लीडर तोच. ग्रुपमध्ये चौघं: मी, शेजारचा प्रफुल, त्याची बहीण नीतू आणि नीतूची नर्सिंगची मैत्रीण चेतना, चिचगडची.

चेतनाला गाडीतच विचारायचं. लग्नाचं. दीड दिवसाचा प्रवास आहे, एक वाक्य बोलायला पुरे. यंदा नाही बोललो तर संपलंच. आतापर्यंतच्या स्थळांनी शेती करतो म्हणून नाही म्हटलं. शेवटच्यांनी तर कारणही दिलं नाही.

नियम केले. एकच सॅक. घरचं खाणं नको. गावच्या गोष्टी गाडीत बंद.

२४ ऑक्टोबर

आईने सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरला. काढ म्हटलं तर म्हणे, काऊन, तिकडं का रोट्याच खाऊन राहशीन? वाद नको म्हणून राहू दिला. लीडरजवळ रेशन असावंच.

२५ ऑक्टोबर, गाडीत

तिघांचं तिकीट कन्फर्म, माझं आरएसी. साइड लोअरचा अर्धा बर्थ माझा, अर्ध्यावर बिलासपूरचे एक काका. काकांचे पाय फार लांब आहेत. ठीक आहे. लीडरने थोडं अंतर ठेवूनच बसावं, सगळ्यांवर नजर राहते.

नागपूर गेलं. चेतना मला 'लीलाधर भाऊ' म्हणते. त्यात काही नाही, आमच्याकडे कंडक्टरलाही भाऊच म्हणतात. प्रफुलचं तर ती नावही घेत नाही. 'त्यायले पाणी दे वो,' असं नीतूला सांगते. बिचारा प्रफुल. पोरींवर इम्प्रेशन पाडणं त्याला कधी जमलंच नाही.

संध्याकाळी विचारणार होतो. तेवढ्यात काकांनी कूस बदलली. उद्या नक्की.

२६ ऑक्टोबर, झाशीच्या पुढे

झाशीला चेतना आणि प्रफुल पाणी आणायला उतरले. गाडी हलली तरी दोघं नाहीत. दारातून ओरडलो. साखळी ओढायला धावलो, तर दोघं मागच्या डब्यातून चालत आली, हसत. प्रफुलला सगळ्यांसमोर झापलं. शिस्त म्हणजे शिस्त. चेतना म्हणाली, भाऊ, तुमी लय टेन्शन घेता. काळजी करते माझी.

पण त्यानंतर घास उतरला नाही. गाडीचं जेवणच तसलं.

त्याच दिवशी, आग्र्याच्या अलीकडे

बोललो! म्हणजे तसं नाही. विचारायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. पाच तारखेला आमच्या सौंदडची मंडई आहे, बाबांना घेऊन या, असं. ती लाजली. मान खाली घालून म्हणाली, बाबाचं ठरलंच आहे, येऊन राहिले ते.

गावच्या गोष्टी बंद हा नियम मीच मोडला, पण नियम ग्रुपसाठी असतात. आणि मंडई काय साधी जत्रा आहे? दुकानं, झुले, रात्रीचं नाटक हे सगळं निमित्त. खरं काम सोयरिकीचं. लग्नाच्या पोरीचा बाप दुसऱ्या गावच्या मंडईला येतो तो काही जिलेबी खायला येत नाही. म्हणजे होकारच झाला. आता वेगळं विचारायची गरजच नाही.

आईला फोन केला. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काकांनी अभिनंदन केलं.

२८ ऑक्टोबर, धरमशाला

सॅक जड, त्यामुळे मी खाली चहाच्या टपरीवर सामान सांभाळत थांबलो. तिघं ट्रेकला गेले. नीतू अर्ध्यातून परत आली, पाय दुखते म्हणे. वर ते दोघंच. फार उशीर झाला. नीतूला विचारलं, इतका वेळ कायले लागते? ती मोबाईलमध्ये बघत राहिली.

प्रफुलला डोंगराची सवय नाही. चेतना त्याच्यामुळे अडकली असणार.

१ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

या वेळी बर्थ कन्फर्म, पण झोप नाही. आईने घराला चुना मारून घेतला. बैठकीला नवीन चादर. बाबांनी मावशीकडेही निरोप धाडला. मला भीती वाटते आहे. सारखं ते झाशीचं हसणं आठवतं. प्रफुलला सरळ विचारावं वाटलं, पण तो झोपला होता. झोपला नव्हता. मीच विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, मंडई, सकाळ

चेतनाचे बाबा, मनिरामजी, आले. सोबत तिचे मामा. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात. ते आमच्या दारावरून पुढे प्रफुलकडे गेले. बरोबरच आहे. नीतू मुलीची मैत्रीण, आधी ओळखीच्या घरीच जाणार.

दुपार

मनिरामजी आमच्याकडे आले! एकटेच. आई नुसती धावत होती. खाट, पाणी, करंज्या, चिवडा. त्यांनी चिवड्याची तारीफ केली. मग खाटेवर माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात विचारलं, बाबू, तुमी शेजारी. प्रवासात संग होते. प्रफुल पोरगा कसा आहे जी? खरं सांगजा, पोरीचा मामला आहे.

सोयरीक पक्की करायच्या आधी शेजाऱ्याला विचारतात, आमच्याकडची रीतच आहे. शेजाऱ्याने एक वाकडा शब्द टाकला की सोयरीक मोडते. अशा मोडलेल्या मला माहीत आहेत. आई दारात ट्रे धरून उभी होती. तिने ऐकलं.

प्रफुलबद्दल मी काहीही सांगू शकलो असतो. आठवून पाहिलं. लहानपणापासूनचं सगळं आठवलं, त्यात वाईट काही सापडेना. राग आला मला त्याचा.

चांगला आहे, म्हणालो. आणि चिवड्याची ताटली त्यांच्याकडे सरकवली.

मनिरामजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि उठले. आई म्हणाली, चहा तरी घेऊन जा जी. ते म्हणाले, राहू द्या बाई, तिकडं मांडला आहे.