ञ ओळीतली सोंगटी

जळोची, १२ जानेवारी २०२५

ती. रघुनाथमामांस,
सा. न. वि. वि.

शाळेचं स्नेहसंमेलन आटोपलं. मुलांच्या खेळवर्गासाठी आपल्या टपालातल्या डावांची पुस्तिका छापायचं ठरलं, म्हणून अकरा वर्षांची पत्रं काढून सगळे डाव संगणकावर मांडले. षटकोनी घरं, क ते ट ओळी, एक ते अकरा आकडे. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत ज्याची सोंगट्यांची साखळी आधी जुळेल तो जिंकला. खेळी लिहिण्याची ही पद्धत तुम्हीच बसवलीत. ङ आणि ञ यांनाही घर मिळालं पाहिजे, हा तुमचाच हट्ट.

त्या पद्धतीनंच तुम्ही सापडलात. मी जिंकलेल्या प्रत्येक डावात, तुम्हाला जिंकायला एकच खेळी हवी असताना, तुम्ही सोंगटी ञ ओळीत टाकलीत. कडेलगतची ओळ, तिथं तिचा काहीही उपयोग नव्हता. चोवीस डाव, चोवीस ञ. मामा, तुम्ही मला फसवलंत. याच विजयांच्या बळावर मी मुलांना शिकवते. आता पुस्तिकेवर कोणत्या तोंडानं नाव घालू?

चालू डावात माझी खेळी छ७. खरं काय ते लिहा. मामींना नमस्कार.

तुमची,
वैदेही


निमगाव केतकी, २० जानेवारी

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. तुझी मामी म्हणाली, बरं झालं, आमी कवाधरनं सांगतुया, पोरीला येडी समजू नगा.

सुरुवातीला तू सलग चार डाव हरलीस आणि पाच महिने पत्र नाही. पोस्टमन गोकुळ दारावरनं सरळ पुढं जायचा. मग मीच नवा डाव मांडून तो सोडला, तर आठवड्यात तुझं चार पानी पत्र. तुझ्या आईच्या गुडघ्यापासून शाळेतल्या भांडणापर्यंत सगळं त्यात. मला डावापेक्षा ती पानं हवी होती, मग सवयच लागली. चुकलो.

या वेळी खरं खेळलोय: ज५. तीन खेळ्यांत तू हरतेस. तरी पत्र पाठव.

तुझा मामा


जळोची, ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रोज पट मांडून बघितला. हरले, मान्य. लिहायचं नव्हतं, पण न लिहिलं तर तुमचंच खरं ठरतं. पत्रं हवी होती तर मागायची होतीत, मी लिहिली असती. राग गेलेला नाही. पुस्तिका थांबवली आहे. आईचा गुडघा बरा आहे, दारच्या शेवग्याला शेंगा लागल्यात.

लोभ आहे, विश्वासाचं पुढं बघू.

वैदेही

ता. क. नव्या डावाची माझी पहिली खेळी: ञ१०. जिंकताना कसं वाटतं ते कळवा.