अव्वाचं तोंड, फायबरमध्ये

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २००१

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. शिवांशला गोड पापा.

तुझं पत्र मिळालं. "बारशाला मावशीच न्हाय, कॉलेज एवढं मोठं झालं व्हय तुला?" असं लिहिलंयस. मी तुझ्या जागी असते तर पत्रसुद्धा घातलं नसतं.

इकडं ठीक. अप्पा नेसरीहून अधूनमधून येऊन जातात. अव्वा श्रावणापासून माझ्याजवळ खोलीवरच आहे. शेजारणींशी कन्नडमधून भांडते. त्यांना कळत नाही, म्हणून बरं चाललंय. अव्वा तिथं कशाला, असं तू विचारशील. सांगते, पण आधी कॉलेजचं सांगू दे.

मूर्तिकलेच्या शेवटच्या वर्षाला एकच डोकं वेगवेगळ्या मटेरियलमध्ये करून बघा, असं सरांनी सांगितलेलं. मी नेसरीहून बोलावून अव्वालाच बसवलं, सरांना म्हटलं, माझी आई आहे. वर्गाच्या मधोमध स्टुलावर, डोक्यावर पदर, हात मांडीत. पोरं बघायला लागली तशी म्हणाली, "माझ्या तोंडात काय हाय बघण्यासारखं? सौंदर्या, उरक की लवकर, म्हशीची धार ऱ्हायलीया." पण मातीतून तोंड वर यायला लागलं तशी धार विसरली. उठून मातीची हनुवटी चाचपली आणि म्हणाली, "ही तर माझी आई दिसतीया."

अक्का, एवढी वर्षं शिकले, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला हे येतं.

मग साचे. सिमेंटचं ओतलं, ते नाकापासून चिरलं. मेणाचं केलं, ते गालाला खचलं. प्लास्टरचं चांगलं आलं, पण पांढरंफटक, मढ्यासारखं. अव्वानं त्याच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. सर म्हणाले, फायबरमध्ये बघ. त्यासाठी रेझिन लागतं, काकवीसारखं दाट. त्यात थोडं हार्डनर टाकलं की ते घट्ट होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी ते घेऊन बसले. हार्डनरच्या बाटलीचं तोंड चिकटून बसलं होतं. मी बाटली दाबली.

इथं मी पेन खाली ठेवलं होतं. अव्वा म्हणाली, "लिही की. आता तिला कळू दे."

टोपण उडालं आणि ते माझ्या दोन्ही डोळ्यांत गेलं. वर्गात मुरगूडचा ज्ञानू आहे, त्यानं माझं डोकं नळाखाली धरलं. मी ओरडत होते आणि तो रडत होता. तुला तेव्हा पाचवा महिना. तुझं पहिलं बाळ गेलेलं. अप्पा म्हणाले, अक्काला कुणी सांगायचं नाही. मीही तेच म्हणाले. बाळंतपणाला तुला माहेरी आणलं नाही ते याचसाठी. अव्वाचे गुडघे दुखतात, हे खोटं होतं.

मिरजेला डॉक्टरांकडं जाताना गाडी जयसिंगपूरच्या स्टँडवर थांबायची. दाजी दिसतील म्हणून मी ओढणी तोंडावर घेऊन बसायची. तू तिथून हाकेवर होतीस. एकदा अव्वा उठलीच होती उतरायला. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

डावा डोळा गेला. मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवून बघितलं, ते धरलं नाही. उजव्यावर पांढरं चढत चाललंय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा सरला की उजेड-अंधार तेवढाच कळेल. तुझं पत्र ज्ञानूनं वाचून दाखवलं. हे मी कागदाला नाक लावून लिहितेय.

दिवाळीनंतर मी पुन्हा वर्गात गेले होते. सगळे म्हणायचे, मूर्ती हातानं होते. मलाही ते खरं वाटलं. अव्वाला परत बसवलं. तिचं तोंड चाचपायचं आणि माती लावायची. ती बिचारी हलायची नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायची. झाल्यावर मी सरांना म्हटलं, "खरं सांगा." सर स्टूल ओढून शेजारी बसले. मग म्हणाले, "सौंदर्या, हे कुणाचंही तोंड असू शकतं."

ती माती मी मोडून पिंपात टाकली. बोटांना कपाळ कळतं, जबडा कळतो. अव्वा कशी बघते, ते बोटांना कळत नाही.

फायबरचं डोकं ज्ञानूनं पुरं केलं. चांगलं झालंय म्हणतात. सर प्रदर्शनात ठेवणार आहेत, ठेवू देत. मी जाणार नाही. कॉलेज सोडलं. पुढल्या आठवड्यात खोली रिकामी करून आम्ही नेसरीला जातोय. तिथं काय करणार, ते विचारू नकोस. अव्वालाही माहीत नाही, मलाही नाही.

त्याआधी तुझ्याकडं येते. दुपारचं ऊन कडक असेल तेव्हा शिवांशला घेऊन अंगणात बस. मला तो अगदी डोळ्याला लावून बघावा लागेल. घाबरून रडेल. रडू दे, लगेच काढून घेऊ नकोस.

आणि 'सगळं नीट होईल' असं तू तरी म्हणू नकोस. अप्पा प्रत्येक वेळी म्हणतात, आणि मग जिन्यात जाऊन उभे राहतात. मला ऐकू येतं.

उन्हाळ्यापर्यंत तरी तुला बघू शकणारी,
तुझी धाकटी
सौंदर्या